हाक मारली तरी ओ नाही: ऑटिझम आणि एडीएचडीच्या पाच प्रश्नावल्यांचं परीक्षण

सात वर्षांचा मुलगा जमिनीवर ठोकळे मांडत बसला आहे. स्वयंपाकघरातून आई हाक मारते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज चढवून. ओ नाही. वेफर्सचं पाकीट फोडल्याचा आवाज झाला की मात्र धावत येतो, म्हणजे कान ठणठणीत आहेत.

हे वागणं व्हँडरबिल्ट नावाच्या प्रश्नावलीच्या फॉर्मवर तिसऱ्या प्रश्नात बसतं आणि तिथे ते एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्या, खात्यात जमा होतं. आयएसएए या दुसऱ्या प्रश्नावलीच्या फॉर्मवर तेच ३८व्या मुद्द्यात बसतं आणि ऑटिझमच्या, म्हणजे इतरांशी संवादातली अडचण आणि तेच तेच वागणं यांच्या, खात्यात जातं. कोणता फॉर्म आधी हातात पडला यावर निदानाचा कल ठरावा, हे बरं नव्हे. पण बऱ्याच ठिकाणी होतं तसंच.

म्हणून इथे पाच प्रश्नावल्या तपासल्या आहेत: आयएसएए आणि कार्स (ऑटिझमसाठी), व्हँडरबिल्ट (एडीएचडीसाठी), एम-चॅट (लहान बाळांतल्या ऑटिझमसाठी) आणि इन्क्लेन (दोन्हींसाठी). कसोटी एकच. दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असताना ही प्रश्नावली कितपत उपयोगी पडते? फक्त ऑटिझम किंवा फक्त एडीएचडी स्पष्ट दिसत असेल तर यातली त्या त्या निदानासाठीची कुठलीही चालते, तिथे परीक्षणाची गरजच नाही.

आधी थोडा इतिहास, कारण फॉर्मांचे दोष तिथून आलेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४च्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-४मध्ये, नियमच होता की ऑटिझम ठरला तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही. २०१३ला डीएसएम-५ने हा नियम काढून टाकला. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीमध्येही दोन्ही निदानं एकत्र देता येतात. तरी जुन्या चौकटीवर बेतलेले फॉर्म अजून वापरात आहेत आणि ‘दोनपैकी एकच काहीतरी असणार’ हे वाक्यही अजून कानावर पडतं. दोन्ही असू शकतं. ऑटिझम असलेल्या मुलांत एडीएचडी ही सर्रास आढळणारी जोडी आहे.

गोंधळाचं मूळ असं की हे सगळे फॉर्म वागणं मोजतात, त्यामागचं कारण विचारत नाहीत. हाकेचंच घ्या. एडीएचडीच्या मुलाचं लक्ष ठोकळ्यांत अडकलेलं असतं. खांद्याला हात लावला की दचकून ‘काय?’ म्हणतं, तोंडाकडे बघतं, आणि उद्या कदाचित पहिल्याच हाकेला येतं. असं कमीजास्त होत राहणं हीच त्याची खूण. ऑटिझममध्ये आपलं नाव ही आपल्याला घातलेली साद आहे हे पुरतं नोंदलंच जात नाही. बहुधा ते वर्षाच्या आतबाहेरच दिसू लागलेलं असतं, आणि खांद्याला हात लावल्यावरही मूल हाताकडे बघेल, चेहऱ्याकडे बघेलच असं नाही.

मध्येच बोलणं हे दुसरं उदाहरण. एडीएचडीच्या मुलाला ‘दुसरा बोलत असताना काय करायचं?’ विचारलं तर नियम घडाघडा सांगतं, आणि पुढच्या मिनिटाला मोडतं. मोडल्यावर ओशाळतंही. नियम ठाऊक असतो, ब्रेक लागत नाही. ऑटिझमचं मूल लोकलच्या फास्ट-स्लो गाड्या, पंधरा डब्यांच्या गाड्या, कुठली कुठे थांबते हे सांगत सुटतं. समोरचा कंटाळलाय, घड्याळाकडे बघतोय, हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. व्हँडरबिल्टच्या १८व्या प्रश्नात दोघांनाही ३ गुण मिळतात.

हट्टाचंही तसंच. मोबाइल काढून घेतला म्हणून आकांत दोघंही करतील. पण शाळेची रिक्षा आज दुसऱ्या गल्लीतून गेली, किंवा नेहमीच्या स्टीलच्या ताटलीऐवजी काचेची आली, आणि त्यावरून अर्धा तास रडारड झाली, तर पारडं ऑटिझमकडे झुकतं. एडीएचडीच्या मुलाला आवडती गोष्ट थांबवणं जड जातं. बदल स्वतःहून सुखाचा असेल, जसं की शाळेऐवजी आज बाग, तर ते उड्या मारत निघतं. ऑटिझमचं मूल बागेसाठीही बिथरू शकतं, कारण ठरलेलं मोडलं.

आणि दोन्ही एकत्र असली की चित्र आणखी धूसर. नवनवीन हवं ही एडीएचडीची ओढ आणि रोजचंच हवं हा ऑटिझमचा आग्रह एकाच मुलात असतात. वेळापत्रक नसेल तर कासावीस, दिलं तर दोन दिवसांत कंटाळा. अशा मुलाला दोन्ही फॉर्मांवर मध्यम गुण पडतात आणि अहवालात ‘लक्ष ठेवा’ एवढंच लिहून येतं.

आता फॉर्म.

आयएसएए, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम, सगळ्यात सविस्तर बघायला हवा, कारण भारतात प्रमाणपत्राचं गाडं त्यावर चालतं. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने, जिचं आजचं नाव एनआयईपीआयडी आहे, तो तयार केला. एकूण ४० मुद्दे, सहा विभाग: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा आणि संवाद, वागण्याच्या तऱ्हा, संवेदना, आणि आकलन. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. वागणं २० टक्के वेळेपर्यंत दिसत असेल तर १, आणि ८० टक्क्यांच्या वर असेल तर ५. बेरीज ७०च्या खाली आली तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र.

हिशेब करून बघा. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला किमान १, म्हणजे एकही लक्षण नसलेल्या मुलालाही ४० मिळतातच. ७० गाठायला वरचे ३० लागतात. आता निव्वळ एडीएचडी असलेलं, ऑटिझमचा मागमूस नसलेलं मूल घ्या. मुद्दा २६ अतिचंचलतेचा आणि ३७ लक्ष न टिकण्याचा, दोन्हींत ५ घातले: वरचे ८ झाले. मुद्दा ८ पाळीपाळीने वागण्याचा आणि ९ बरोबरीच्यांशी मैत्री टिकवण्याचा, दोन्हींत ४: आणखी ६. मग आजूबाजूचे इशारे न ओळखणं (६), भावनांचा अतिरेक (११), धोक्याची भीती नसणं (१३), कारण नसताना उत्तेजित होणं (१४), संभाषण चालू न ठेवता येणं (२०), आक्रमकपणा (२७), आकांडतांडव (२८) आणि प्रतिसादाला उशीर (३८) या आठांत प्रत्येकी ३ टाकले: आणखी १६. बेरीज बरोबर ३०, एकूण ७०. हात न फडफडवता, ऐकलेलं वाक्य पोपटासारखं न घोकता, बोटाने दाखवण्यात काडीची खोट नसताना मूल ‘सौम्य ऑटिझम’च्या रकान्यात जाऊन बसलं.

हा गणिती खेळ वाटेल, पण यातला एकही गुण ओढूनताणून दिलेला नाही. उपचार न झालेल्या एडीएचडीच्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे पालक थकलेल्या दिवशी असेच गुण देतात. म्हणून आयएसएएची बेरीज एकटी वाचू नये. आमची पद्धत अशी: एकट्याने तेच तेच खेळणं (७), हातवारे आणि खुणांचा अभाव (१६), ठरावीक शब्दांची पुनरावृत्ती (१७), ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं (१८), ‘मी’च्या जागी ‘तू’ येणं (२२), बोलण्यातला सूचक अर्थ न कळणं (२३), एकसुरी शारीरिक हालचाली (२४), निर्जीव वस्तूंशी चिकटून राहणं (२५), सगळं तसंच हवं हा आग्रह (३०) आणि वस्तू हुंगून-चाटून पाहणं (३६) हे दहा मुद्दे बाजूला काढून त्यांची वेगळी बेरीज करायची. दहापैकी बहुतेक ठिकाणी १ किंवा २ असतील तर एकूण ७४ असूनही थांबायचं आणि एडीएचडीची तपासणी आधी करायची. हा मॅन्युअलमधला नियम नव्हे, आमचं वाचन आहे. पण सहीच्या आधी ही दोन मिनिटं खर्च व्हायलाच हवीत.

उलट बाजूने फॉर्म हातचं सोडूनही देतो. चांगलं बोलणाऱ्या, अभ्यासात हुशार मुलीला १५ (आलेलं बोलणं जाणं), १८, २१ (अर्थहीन बडबड), २२, ३३ आणि ३४ (नजरेचे दोन मुद्दे) इथे सरळ १ मिळतो. मैत्रिणींची नक्कल करून ती वेळ निभावते. तिची खरी ओढाताण २३, ३० आणि ३१मध्ये (आवाज-स्पर्श फार टोचणं) असते, आणि तिथे पूर्ण ५ दिले तरी वरचे १२च होतात. बेरीज साठीत अडकते. अहवाल म्हणतो ऑटिझम नाही, वर्गात ती ‘लक्ष नसलेली, स्वप्नाळू’ ठरते आणि एडीएचडीच्या रांगेत लागते.

आमचं मत: आयएसएए भारतीय घरांसाठी घडवलेला, मुद्देसूद, आणि बोलणं उशिरा आलेल्या मुलांसाठी भरवशाचा. गाळणी म्हणून मात्र एडीएचडीच्या बाबतीत भोकं मोठी आहेत.

व्हँडरबिल्ट नेमका उलटा चुकतो. अमेरिकेत ६ ते १२ वयासाठी तयार झालेला हा फॉर्म फुकट मिळतो आणि म्हणून सगळीकडे पसरलाय. पालकांचा ५५ प्रश्नांचा, शिक्षकांचा ४३ प्रश्नांचा. पहिले नऊ प्रश्न लक्ष न लागण्याचे, पुढचे नऊ चंचलता आणि उतावळेपणाचे. गुण ० ते ३. २ किंवा ३ मिळालेला प्रश्न ‘धरायचा’, आणि नवांपैकी सहा धरले गेले तर तो गट भरला. शिवाय शेवटच्या कामगिरीच्या भागात, म्हणजे पालकांच्या फॉर्मवर ४८ ते ५५मध्ये, निदान एका ठिकाणी ४ किंवा ५ हवेत. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे अडचण. शाळेच्या मार्कांत मोठा आकडा म्हणजे चांगलं अशी सवय असते, त्यामुळे ‘गणित छान आहे’ म्हणून ५ला गोल करणारे पालक पुष्कळ.

ऑटिझमचं मूल इथे विनासायास पास होतं. लक्ष टिकत नाही (२), ऐकत नाही (३), कामं व्यवस्थित लावता येत नाहीत (५), डोकं लागणाऱ्या कामाला टाळाटाळ (६), आवाजाने विचलित (८), रोजच्या गोष्टी विसरणं (९). झाले सहा. ५४ला, म्हणजे बरोबरीच्या मुलांशी संबंध, ४ पडला की ‘एडीएचडी, लक्ष-न्यूनतेचा प्रकार’ असा कागद तयार. वर्गातल्या पंख्याची घरघर त्याला असह्य होतेय म्हणून ते विचलित आहे, हे आठव्या प्रश्नाला कळत नाही. आणि स्पष्टच सांगायचं तर या फॉर्मवर ऑटिझमविषयी एकही प्रश्न नाही. चिंता, नैराश्य, उद्दामपणा यांचे आहेत.

एका बाबतीत मात्र या फॉर्मचं कौतुक. चौथा प्रश्न सांगितलेलं काम पुरं न करण्याचा आहे, आणि त्याच्या पुढे कंसात अट आहे: नकार म्हणून नव्हे, न कळल्यामुळेही नव्हे. अठरा लक्षणांच्या प्रश्नांत ‘का?’ विचारणारी ही एवढीच जागा. मराठीत तोंडी विचारताना हा कंस हमखास गळतो. ‘सांगितलेलं काम पूर्ण करतो का हो?’ ‘छे, कधीच नाही.’ ३. खरं तर मुलाला ‘दप्तर आवरून, डबा बाहेर काढून, मग हातपाय धू’ ही तीन पायऱ्यांची सूचनाच समजलेली नसते. शंका असेल तर एकेक पायरी वेगळी सांगून बघा. एकेक सांगितल्यावर जमलं तर प्रश्न भाषेच्या आकलनाचा किंवा कार्यस्मृतीचा (ऐकलेलं काही क्षण डोक्यात धरून ठेवण्याचा) आहे, आणि ३ द्यायची घाई नको.

भरताना होणाऱ्या चुका याच फॉर्ममध्ये जास्त. वर छापलेलं असतं की वयाच्या मानाने विचार करा आणि गेल्या सहा महिन्यांतलं वागणं धरा. दोन्ही वाचलं जात नाही. औषध चालू असताना भरला की नसताना, हा चौकोन रिकामा राहतो आणि पुढच्या तुलनेचा बट्ट्याबोळ होतो. शिक्षकांचा फॉर्म जूनमध्ये शाळा सुरू झाल्या-झाल्या मागू नका. वर्गशिक्षिकेला मूल किती आठवडे ओळखीचं आहे, हे फॉर्मवरच विचारलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतलेला फॉर्म विश्वासाचा. शक्य असेल तर दोन शिक्षकांकडून घ्या, त्यात एक पीटीचे किंवा चित्रकलेचे असू द्या. आणि पालकांनी आपला फॉर्म बाईंना दाखवून मग त्यांचा भरून घेऊ नये. तसं झालं की दोन साक्षीदारांचा एकच जबाब होतो.

शाळेचा फॉर्म आला की आकड्यांपेक्षा वेळ विचारा. बिघडतं कधी? लांबलचक लेखनाच्या तासाला बिघडत असेल आणि मधल्या सुट्टीत मूल खुशीत असेल, तर एडीएचडीचा संशय दाट. तासाला शांत बसणारं मूल मधल्या सुट्टीत, मोकळ्या तासाला, स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या गोंगाटात कोसळत असेल, तर ऑटिझमकडे बघा. दोन्हीकडे बिघडत असेल तर दोन्हीकडे बघा. घरी सगळं ठीक आणि फक्त शाळेत गुण चढे असतील, तर अध्ययन अक्षमता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाचता येत नसलेलं मूलही खिडकीबाहेरच बघतं.

एम-चॅटबद्दल थोडक्यात. १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी २० हो-नाही प्रश्न, फुकट. ० ते २ कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ आणि वर जास्त. यातली खरी चीज आहे ती दुसरी पायरी. मध्यम गुण आले तर चुकलेल्या प्रश्नांवर पुन्हा, उदाहरणं विचारून मुलाखत घ्यायची. तिच्यानंतरही २ किंवा जास्त उरले तर पुढे पाठवायचं. ही पायरी वगळून नुसती बेरीज सांगणारी तपासणी अर्धीच झाली समजा. प्रश्न २, ५ आणि १२ उलटे आहेत, तिथे ‘हो’ला गुण. मूल बहिरं असेल अशी शंका कधी आली का, या दुसऱ्या प्रश्नाला पालक ठासून ‘नाही, चांगलं ऐकू येतं’ म्हणतात, आणि मग सांगतात की सुरुवातीला वाटलं होतं खरं. विचारलंय ते शंकेबद्दल, कानाबद्दल नाही. सहावा आणि सातवा प्रश्नही वेगळे ठेवा: हवी ती बरणी मागण्यासाठी बोट दाखवणं निराळं, आणि ‘ते बघ, चांदोबा!’ म्हणून फक्त तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करणं निराळं. एडीएचडीचं चळवळं मूलही धावता धावता थांबून चांदोबा दाखवतं. एम-चॅटला एडीएचडीशी देणंघेणं नाही, आणि दोन वर्षांच्या वयात एडीएचडीचं निदान करूही नये. म्हणूनच या वयात ‘फार मस्तीखोर आहे, होईल शांत’ म्हणून एम-चॅट टाळणं महागात पडतं.

इन्क्लेनच्या जोडीत दोन स्वतंत्र साधनं आहेत: ऑटिझमचं २ ते ९ वर्षांसाठी, एडीएचडीचं ६ ते ९साठी. भारतातल्या तज्ज्ञांनी मिळून ती घडवली. प्रशिक्षित माणूस पालकांशी बोलत, मुलाला बघत ती भरतो, आणि हाच तिचा मोठा गुण. एकाच मुलावर एकाच बैठकीत, एकाच माणसाने दोन्ही चालवली तर तो आपोआप विचारतो की ‘ऐकत नाही’ हे तुम्ही आत्ताच तिकडे सांगितलंत, मग ते नेमकं कसं? तुलना तिथे घडते. कमतरता दोन. मूळ आवृत्ती डीएसएम-४च्या काळातल्या निकषांवर उभी आहे, त्यामुळे संवेदनांच्या तक्रारींना तिथे आजच्याइतकं वजन नाही. आणि नऊ वर्षांपुढचं मूल बसत नाही. दिल्लीच्या एम्सने डीएसएम-५नुसार सुधारलेली ऑटिझमची आवृत्ती १ ते १४ वर्षांसाठी आहे. निवड करता येत असेल तर तीच मागा. दोन्हींचा संशय असलेल्या शाळकरी मुलासाठी या पाचांत आमची पहिली पसंती या जोडीला.

कार्सची दुसरी आवृत्ती विकतची, आणि तपासणाऱ्याने भरायची. १५ मुद्दे, १ ते ४, मध्ये अर्धे गुण. प्रमाणित आवृत्तीत ३०पासून ऑटिझम धरतात. हालचालींच्या पातळीचा मुद्दा एकच, म्हणजे ६०पैकी फार तर ४ गुण चंचलतेवर जातात. एडीएचडीच्या मुलाला चुकून ऑटिझम ठरवण्याचा धोका इथे आयएसएएपेक्षा कमी. सहा वर्षांपुढच्या, चांगल्या बोलणाऱ्या, ८०च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलांसाठी वेगळी पुस्तिका आहे, आणि तिची सीमा २८ आहे. अशा मुलावर साधी पुस्तिका वापरून ‘२८, म्हणजे ऑटिझम नाही’ असा निकाल दिला असेल तर तो परत तपासून घ्या.

मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत एडॉस मिळते, ४० ते ६० मिनिटांची खेळ-गप्पांची ठरीव निरीक्षण-चाचणी. उत्तम साधन, पण तिच्यातही चुळबुळणारं, प्रश्न संपायच्या आत उठणारं एडीएचडीचं मूल सीमारेषा ओलांडू शकतं. महागडी चाचणी झाली म्हणजे वाद मिटला असं नाही.

या पाचांपैकी कुणीच नीट न तपासणाऱ्या गोष्टी फॉर्मच्या आधी निकालात काढाव्यात. श्रवणतपासणी प्रत्येक मुलाची, ‘ऐकू येतं’ असं घरच्यांनी कितीही सांगितलं तरी. लहान किंवा सहकार्य न करणाऱ्या मुलासाठी बेरा, म्हणजे मुलाने उत्तर न देताही ऐकू येतं का ते दाखवणारी चाचणी. झोप: तोंड उघडं टाकून घोरणारं, अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेलं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. रक्तातलं लोह. आणि टक लावून शून्यात बघणं, आयएसएएचा ३२वा मुद्दा: तो काही सेकंदांचा असेल, मध्येच सुरू होऊन मध्येच संपत असेल, हाताच्या स्पर्शानेही तुटत नसेल, तर फिटचा एक प्रकार म्हणून ईईजीचा (मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीचा) विचार डॉक्टर करतील. तंद्री असेल तर स्पर्शाने तुटते.

तपासणीला जाताना व्हिडिओ न्या. दोन-तीन मिनिटांचे तीन पुरतात: एकटं खेळताना, दुसऱ्या मुलाबरोबर, आणि जेवताना किंवा आवरताना. कॅमेऱ्यामागून ‘बघ इकडे, हास’ असं म्हणू नका, तुमच्या हुकमाने आलेली नजर मोजायची नाहीये. सोबत दोन आठवड्यांची वही: काय झालं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, कशाने थांबलं. तीन रकाने बास. ‘दिवसभर त्रास देतो’ या वाक्यातून तज्ज्ञाला काही मिळत नाही. ‘कुकरची शिट्टी, कानावर हात, टेबलाखाली, दहा मिनिटं’ या ओळीतून पुष्कळ मिळतं.

चुकीच्या निदानाची किंमत वेळेत मोजावी लागते. अमेरिकेतल्या पालकांच्या सर्वेक्षणावर आधारलेल्या २०१५च्या एका अभ्यासात, आधी एडीएचडीचा शिक्का बसलेल्या मुलांना ऑटिझमचं निदान सरासरी तीन वर्षं उशिरा मिळालं होतं. ती तीन वर्षं भाषेची आणि खेळण्यातून शिकण्याची असतात. औषधांचंही गणित बदलतं. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे पहिल्या पसंतीचं औषध. ऑटिझमसोबत चंचलता असलेल्या ७२ मुलांवर २००५ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९ टक्के मुलांना ते लागू पडलं आणि १८ टक्क्यांना चिडचिडीसारख्या दुष्परिणामांमुळे सोडावं लागलं. निव्वळ एडीएचडीत यापेक्षा बरं जमतं. म्हणजे दोन्ही असतील तर औषध द्यायचंच नाही असं नव्हे. डोस कमीपासून आणि सावकाश वाढवायचा, पहिल्या आठवड्यांत झोप, भूक आणि रडणं लिहून ठेवायचं, आणि ते वहीसकट डॉक्टरांना दाखवायचं.

सरकारी मार्ग हवा असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं जिल्हा रुग्णालयांत असतात, १८ वर्षांपर्यंत. नवी मुंबईत एनआयईपीआयडीचं प्रादेशिक केंद्रही आहे. प्रमाणपत्राच्या बाबतीत एक कटू गोष्ट आधीच कळलेली बरी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. केंद्र सरकारचा निरामय आरोग्य विमाही ऑटिझमला आहे, एडीएचडीला नाही. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत (२०२४ला त्यांच्या जागी नव्या आल्या) आयएसएएचे ७० गुण म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्व होतं, आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा तोच ४०. त्यामुळे एडीएचडीच्या मुलाला ६६ वरून ७०ला ‘ढकलण्याची’ विनवणी होते, आणि कधी कधी ती ऐकलीही जाते. विनवणी समजण्यासारखी आहे, पण त्या चार गुणांच्या जोरावर पुढची पाच वर्षं मुलाला नको ती थेरपी मिळते आणि हवी ती मिळत नाही.

अहवाल हातात घेताना एकूण बेरजेवर समाधान मानू नका. आयएसएएचे चाळीसच्या चाळीस गुण, व्हँडरबिल्टच्या दोन्ही फॉर्मांच्या प्रती, कार्सची कुठली पुस्तिका वापरली ते, भरणाऱ्याचं नाव, तारीख, आणि त्या दिवशी औषध चालू होतं की नव्हतं, हे सगळं मागून घ्या. दोन वर्षांनी दुसरीकडे तपासणी झाली तर ७४चे ६८ झाले हे बघून कुणाला काही कळणार नाही. २६ आणि ३७ खाली आले आणि ३० जागेवरच राहिला, हे दिसलं तर कळेल.